मेट्रोचा एक टक्का आणि आपल्या रस्त्याची तरतूद

मागच्या महिन्यात मी सहज लिहून गेले की शहरातल्या रस्ते, पूल, मेट्रोच्या पैशांबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि प्रश्नांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे प्रश्न होते ते एकत्र केलेत. बरेचसे पुणे-पिंपरीचे आणि थोडे मुंबईचे, म्हणून उदाहरणंही तिथलीच आहेत. मी स्वतः एका महापालिकेच्या लेखा विभागात सव्वीस वर्षं काढली, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवत नाही, थोडं लांबलं तर समजून घ्या.

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीसमोरच्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रस्त्याला बजेटमध्ये दोन वर्षं लागोपाठ तरतूद दाखवली, पेपरमध्येही आलं. प्रत्यक्षात एक खडी पडलेली नाही. मग ते पैसे गेले कुठे? (वारजे, पुणे)

उत्तर : दादा, पैसे बहुतेक कुठे गेलेच नाहीत कारण ते आलेच नव्हते. हे ऐकायला विचित्र वाटतं पण सगळा घोळ इथूनच सुरू होतो. अंदाजपत्रक म्हणजे अंदाज, यावर्षी इतके येतील असं धरून इतके खर्च करू असं म्हटलेलं. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट १२,६१८ कोटींचं होतं, आता एवढा आकडा ऐकला की वाटतं तिजोरीत एवढी रक्कम ठेवलेली आहे आणि कुणीतरी ती द्यायला कां कू करतंय. तसं नसतं. वर्षभर येईल तसं वाटायचं असतं, आणि आधी ताटात पगार, पेन्शन, वीजबिल, पाणी, कचरा, पीएमपी बसच्या तोट्यातला वाटा (पुणे ६० टक्के, पिंपरी-चिंचवड ४० टक्के) हे वाढलं जातं. त्याला महसुली खर्च म्हणतात आणि तो टाळता येत नाही. उरेल ते भांडवली कामांना, म्हणजे तुमच्या रस्त्याला. जमेची बाजू फुगवून धरली असेल तर मार खातो तो तुमचा रस्ताच, पगार नाही.

आता येतात कुठून ते सांगते. पूर्वी जकात होती, नाक्यावर ट्रक थांबायचे आणि रोज रोख जमा व्हायची, महापालिकेचा तो स्वतःचा हक्काचा पैसा होता. पुण्यात २०१३ ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, २०१५ मध्ये एलबीटी बहुतेक व्यापाऱ्यांसाठी गेला, आणि जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला नुकसानभरपाई पाठवतं, कायद्यात त्यात दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. पैसे येतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण फरक असा की पूर्वी शहरात व्यापार वाढला की त्याच दिवशी शहराच्या तिजोरीत कळायचं, आता वाढ ८ टक्के म्हणजे ८ टक्के. दुसरा मोठा झरा मिळकतकर. तिसरा बांधकाम परवानगीचं विकास शुल्क आणि प्रीमियम (जादा बांधकामासाठी घेतलेले पैसे), आणि हा तिसरा फार बेभरवशाचा असतो कारण बिल्डरांचा धंदा जोरात तर पैसे जोरात आणि मंदी आली की ठणठणाट. शिवाय गंमत बघा, नवीन बांधकाम जितकं जास्त तितके रस्तेही जास्त लागतात, म्हणजे उत्पन्न एकदाच मिळतं आणि जबाबदारी कायमची गळ्यात पडते.

तुमच्या रस्त्याचं काय झालं असेल ते तीन शब्दांत शोधा. पहिला शब्द वर्गीकरण. म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणं, हे प्रस्ताव स्थायी समितीपुढे येतात आणि त्याची कागदपत्रं मागता येतात. दुसरा शब्द भूसंपादन, त्याचं पुढच्या प्रश्नात सांगते. तिसरा ७२ ब, हे महापालिका कायद्यातलं कलम, ज्या कामाला एकापेक्षा जास्त वर्षं लागणार आणि पुढच्या वर्षांच्या बजेटवर बोजा येणार त्या कामाला ही मान्यता लागते. अशा जुन्या कामांचं दायित्व वर्षानुवर्षं साठत जातं, मग नव्या वर्षाचं बजेट मांडलं जातं तेव्हा त्यातला मोठा हिस्सा आधीच कुणाच्या तरी नावावर असतो. मी ३१ मार्चच्या रात्री बिलं पास करायला बसलेय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, आणि तेव्हा दिसायचं की ठेकेदाराने फेब्रुवारीत उरकलेलं काम पुढे सरकतं आणि ज्या रस्त्याचं एस्टिमेटच झालेलं नाही त्याची तरतूद शांतपणे व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द. कुणी आरडाओरड करत नाही कारण कुणाला माहीतच नसतं.

म्हणून पुढच्या वेळी पेपरमधली तरतूद वाचून खूश होऊ नका. पथ विभागाला विचारा की या कामाचं लेखाशीर्ष (बजेटमधलं खातं) कुठलं, पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट मंजूर आहे का, टेंडर निघालं का, काम सुरू करायचा कार्यादेश कधीचा आहे. या चारपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर समजायचं की तुमचा रस्ता अजून फक्त छापील आहे.

प्रश्न : कात्रज-कोंढवा रस्ता इतकी वर्षं का रखडला? जागामालकांना पैसे देऊन मोकळं का करत नाहीत? (कोंढवा बुद्रुक, पुणे)

उत्तर : कारण जागेचा पैसा रस्त्याच्या पैशापेक्षा कितीतरी जास्त होतो. या रस्त्याचं काम २०१८ मध्ये सुरू झालं, साडेतीन किलोमीटर, रुंदी ठरवली ८४ मीटर. महापालिकेचं गणित असं होतं की जागा रोख न देता टीडीआरमध्ये मिळवू. टीडीआर म्हणजे तुमची जागा रस्त्यात गेली तर त्या बदल्यात बांधकामाचा हक्क कागदावर मिळतो, तो तुम्ही दुसरीकडे वापरा किंवा बिल्डरला विका. महापालिकेला एक रुपया खर्च न करता जागा मिळते, म्हणून तिला हा मार्ग प्रिय. पण टीडीआरचा भाव बाजारात पडलेला असला की मालक म्हणतो मला कागद नको, रोख द्या, आणि त्याचं चुकतं असं मी तरी म्हणणार नाही, त्याची पिढीजात जमीन आहे ती. रोख द्यायची तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरात बाजारभावावर तेवढीच शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट. अशा रस्त्याला हे परवडणारं नव्हतं. शेवटी रुंदी ८४ वरून ५० मीटर करावी लागली आणि भूसंपादनासाठी राज्य सरकारने २०० कोटींची मदत जाहीर केली.

मधल्या काळात त्या रस्त्यावर किती माणसं गेली, कुणाच्या घरातला कमावता मुलगा गेला, हे कुठल्याही लेखाशीर्षात येत नाही. मला याचा मनापासून राग येतो. जागा ताब्यात नसताना काम सुरू करू नये, हे लेखा विभागातल्या साध्या कारकुनालाही कळतं.

प्रश्न : ताई, हडपसरला ८० लाखांचा फ्लॅट घेतला. स्टॅम्प ड्युटी ७ टक्के लागली. एजंट म्हणाला त्यात मेट्रोचे पैसे आहेत. आमच्याकडे मेट्रो नाही, मग मी का भरायचे? (हडपसर)

उत्तर : एजंट खरं बोलला. पुण्यात त्या ७ टक्क्यांची फोड अशी की ५ टक्के मूळ मुद्रांक शुल्क, १ टक्का एलबीटीच्या जागी आलेला अधिभार आणि १ टक्का मेट्रो अधिभार. म्हणजे ८० लाखांवर तुम्ही ५ लाख ६० हजार भरलेत त्यातले ८० हजार सरळ मेट्रोच्या नावाने. (दस्त बायकोच्या एकटीच्या नावावर केला असता तर महिलांना १ टक्का सवलत असते, पुढच्या वेळी लक्षात ठेवा.) हा मेट्रोचा टक्का करोनाच्या काळात थांबवला होता, १ एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर अशा शहरांत परत सुरू झाला.

का भरायचे, तर त्यामागचा विचार असा की मेट्रो आली की जागेचे भाव वाढतात, त्या वाढीतला थोडा हिस्सा शहराने परत घ्यावा. विचार म्हणून मला हा पटतो. कारण तिकिटातून मेट्रो बांधली जात नाही, जगात फार कमी ठिकाणी तसं होतं, तिकिटातून रोजचा खर्च निघाला तरी नशीब म्हणायचं. पुण्याच्या पहिल्या दोन मार्गिका, पिंपरी-स्वारगेट आणि वनाज-रामवाडी, यांचा मंजूर खर्च ११,४२० कोटी. ढोबळ मानाने अर्धं कर्ज, आणि उरलेल्या अर्ध्यात केंद्र, राज्य आणि थोडा वाटा दोन्ही महापालिकांचा. कर्ज युरोपातून, युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे ६० कोटी युरो आणि फ्रान्सच्या एएफडी या सरकारी विकास बँकेचे २४.५ कोटी युरो. महापालिकेने आपला वाटा रोखीपेक्षा जास्त जागेच्या रूपात दिला, वनाजचा डेपो जिथे आहे तो पूर्वीचा कोथरूडचा कचरा डेपो, जुन्या पुणेकरांना तो वास आठवत असेल.

पण तुमच्या प्रश्नातला खरा काटा वेगळा आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. अधिभार सगळ्यांकडून एकसारखा घेतला जातो, स्टेशनशेजारच्या फ्लॅटवाल्याकडूनही १ टक्का आणि तुमच्याकडूनही १ टक्का. भाव त्याचा वाढला, पैसे तुम्ही पण दिले. स्टेशनच्या ५०० मीटरच्या आत जास्त एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा), ४ पर्यंत, देऊन त्यावर प्रीमियम घ्यायचा ही टीओडीची (स्टेशनभोवती दाट वस्ती वाढवण्याची) पद्धत त्या मानाने जास्त न्यायाची आहे कारण ज्याला फायदा त्याच्याकडून पैसा. तुमच्यासाठी बातमी एवढीच की खडकवासला-स्वारगेट-हडपसर-खराडी आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या दोन्ही मिळून ३१.६ किलोमीटरच्या मार्गिकांना केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली, खर्च ९,८५७ कोटी. तुमच्या ८० हजारांची मेट्रो तुमच्यापर्यंत यायला वेळ लागेल, पण ती कागदावर तरी तुमच्या दिशेला आहे.

प्रश्न : कोस्टल रोडला टोल नाही आणि अटल सेतूला एका बाजूचे २५० रुपये. दोन्ही मुंबईतच, मग असं का? (दादर, मुंबई)

उत्तर : काका, कारण दोन्हीचा खिसा वेगळा. कोस्टल रोड मुंबई महापालिकेने स्वतःच्या पैशाने बांधला, सुमारे १४ हजार कोटी, कर्ज नाही म्हणून टोल नाही. देशातल्या दुसऱ्या कुठल्या महापालिकेला हे झेपलं असतं असं मला वाटत नाही. मुंबई महापालिकेच्या ठेवी एकेकाळी ९० हजार कोटींच्या वर होत्या, जकातीच्या जमान्यात जमवलेलं ते सोनं, आणि लोक म्हणतात की मग त्या मोडा की. पण त्या सगळ्या मोकळ्या नसतात हो, त्यात कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आहे, पेन्शन आहे, ठेकेदारांच्या अनामत रकमा आहेत. मोठ्या प्रकल्पांसाठी ठेवी मोडायला लागल्यापासून त्या कमी होत चालल्यात.

अटल सेतू एमएमआरडीएचा (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा), २१.८ किलोमीटर, १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं, आणि त्याचा बहुतांश पैसा जपान सरकारच्या जायका या संस्थेचं कर्ज. स्वस्त व्याज, लांबची मुदत, पण कर्ज ते कर्ज, येनमध्ये फेडायचं, म्हणून टोल. एमएमआरडीएकडे मिळकतकर नाही. तिची कमाई म्हणजे जमीन, मुख्यतः वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी). तिथला एक तीन एकरांचा भूखंड जपानच्या सुमितोमोने २,२३८ कोटींना भाडेपट्ट्याने घेतला. एका प्लॉटमध्ये अख्खा उड्डाणपूल काय, दहा होतील. पण जमीन एकदाच विकता येते, आणि मेट्रोच्या इतक्या मार्गिका एकदम काढल्यावर बीकेसी किती पुरणार, म्हणून एमएमआरडीएला आता मोठमोठी कर्जं काढावी लागतायत.

टोलचं आणखी एक, तुम्ही पत्रात आनंदाने लिहिलंय की मुंबईच्या पाच नाक्यांवर कारचा टोल बंद झाला. १४ ऑक्टोबर २०२४ पासून वाशी, ऐरोली, मुलुंडचे दोन आणि दहिसर, हलक्या वाहनांना माफ. मलाही त्या रांगांचा वैताग होता. फक्त हे माहीत असू द्या की टोल वसुलीचे हक्क २०१० मध्येच विकले गेले होते, ठेकेदाराने २,१०० कोटी आधी भरले होते, त्यामुळे माफी दिली की त्याची भरपाई कुठून तरी करून द्यावीच लागते. म्हणजे कार नसलेला माणूसही आता त्यात थोडा वाटा उचलतो.

प्रश्न : आमच्या पिंपरी-चिंचवडने रस्त्यासाठी कर्जरोखे काढले. शहर कर्जबाजारी झालं का? आमचे वडील फार काळजीत आहेत. (चिंचवड)

उत्तर : वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की काळजी नको, पण लक्ष हवं. २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवडने २०० कोटींचे हरित (पर्यावरणपूरक कामांसाठीचे) कर्जरोखे काढले, हरित सेतू या पायी आणि सायकलच्या वाटांच्या प्रकल्पासाठी आणि टेल्को रस्त्याच्या कामासाठी, आणि रोख्यांना मागणी पाचपट आली. घर घेताना आपण कर्ज काढतोच की, वीस वर्षं राहायचं तर वीस वर्षं फेडायचं. जो पूल पुढची चाळीस वर्षं वापरला जाणार त्याचे सगळे पैसे आजच्या करदात्याने एका वर्षात का द्यावेत? यात मला गैर वाटत नाही.

गैर होतं ते दुसरीकडे. पुण्याने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्क्यांनी २०० कोटी उभे केले होते, चोवीस तास पाणी योजनेसाठी, एकूण २,२६४ कोटी काढायचं ठरलं होतं. बीएसईमध्ये घंटा वाजली, केवढं कौतुक झालं. पहिला टप्पा आला, योजना मात्र रेंगाळली. आता कर्ज काढलं की व्याज दुसऱ्या दिवसापासून चालू होतं, काम चालू होवो न होवो. मिळकतकर एका वेगळ्या खात्यात बाजूला काढून त्यातून आधी रोखेधारकांचे पैसे द्यावे लागतात, उशीर चालत नाही. आणि सगळीकडे आकडा २०० कोटीच का असतो म्हणाल, तर केंद्र सरकार १०० कोटींमागे १३ कोटी बक्षीस देत होतं, जास्तीत जास्त २६ कोटी, पुण्यालाही तेवढेच मिळाले. म्हणून महापालिकेने खरंच गरज म्हणून कर्ज काढलं की बक्षिसासाठी, हे विचारायला हवं. वडील निवृत्त असतील तर त्यांना एक काम द्या, दर सहा महिन्यांनी टेल्को रस्त्यावरून फेरी मारून यायची आणि काम किती पुढे गेलं ते वहीत लिहायचं.

प्रश्न : हिंजवडी मेट्रो टाटांची आहे का? मग सरकारने पैसे का दिले? (हिंजवडीत नोकरी, मुक्काम औंध)

उत्तर : पीपीपी, म्हणजे सरकार आणि खाजगी कंपनीची भागीदारी. टाटा आणि सीमेन्स मिळून बांधतात आणि ३५ वर्षांचा करार आहे, त्यात बांधकामाचा काळही धरलाय, मुदत संपली की मार्ग पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे). सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं, ८,३१३ कोटी. अशा प्रकल्पात नुसत्या तिकिटावर खाजगी कंपनीचं गणित बसत नाही, मग जेवढं कमी पडतं तेवढं सरकार अनुदान देतं, त्याला व्हीजीएफ म्हणतात. मुंबईत वर्सोवा-घाटकोपरलाही ६५० कोटी असेच दिले होते आणि २०१४ मध्ये मेट्रो सुरू होताच भाडं किती यावरून हायकोर्टात भांडण गेलं. त्यामुळे पीपीपीमध्ये मी आधी भाडं कोण ठरवणार हे कलम वाचते, बाकी सगळं नंतर.

तुम्ही विद्यापीठ चौकातून रोज जाता म्हणून हेही लिहिते. तिथला जुना पूल २०२० मध्ये पाडला, धड पंधरा वर्षंही झाली नव्हती त्याला. कारण मेट्रो तिथून जाणार होती आणि पूल बांधताना तो विचार नव्हता. नवीन दुमजली पूल २७७ कोटींचा, एक बाजू ऑगस्ट २०२५ मध्ये खुली झाली. म्हणजे एकाच चौकासाठी आपण दोनदा पैसे दिले आणि मधली पाच वर्षं धूळ खाल्ली. शहराला पैसा कमी पडतो असं सगळे म्हणतात, मला विचाराल तर पैसा कमी पडण्याआधी वेगवेगळी खाती एकमेकांशी बोलायची कमी पडतात. महापालिका, पीएमआरडीए, पुणे मेट्रोवाली महामेट्रो, राष्ट्रीय महामार्गांची एनएचएआय, राज्य रस्ते महामंडळ एमएसआरडीसी, प्रत्येकाचं बजेट वेगळं आणि रस्ता एकच.

प्रश्न : आमच्या गल्लीत "यांच्या निधीतून" असा बोर्ड लागलाय. हे पैसे त्यांचे स्वतःचे असतात का? (आठवीतली विद्यार्थिनी, सांगवी)

उत्तर : नाही बाळा. आमदारांना मतदारसंघातल्या कामांसाठी वर्षाला ५ कोटी सुचवता येतात, खासदारांनाही ५ कोटी, नगरसेवकही आपल्या प्रभागातली कामं सुचवतात. सुचवतात फक्त. पैसे तुझ्या आई-बाबांनी भरलेल्या करातले असतात, तू वही घेतेस, बिस्किटचा पुडा घेतेस त्यातलेही थोडे. फार चांगला प्रश्न विचारलास, वर्गात सगळ्यांना सांग.

प्रश्न : हे सगळं वाचून कळतं, पण सामान्य माणसाने करायचं काय? आपल्याला कोण विचारतं? (एरंडवणे, पुणे)

उत्तर : पुण्यात विचारतात, फक्त आपण जात नाही. महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांच्या सूचनांतून बजेट ही पद्धत सुरू केली. साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घेतात, फुटपाथ, बसथांबा, दिवे, छोटा रस्ता असं एखादं काम सुचवायचं, एका कामाची मर्यादा ५ लाखांची. रक्कम लहान आहे, याने मेट्रो होत नाही, पण ते काम तुमच्या नावाने बजेटच्या पुस्तकात छापून येतं आणि मग त्याच्या मागे लागायला तुमच्याकडे पान क्रमांक असतो. २०२३, २०२४ आणि २०२५ ही तिन्ही बजेटं नगरसेवक नसताना प्रशासकाने मांडली आणि प्रशासकानेच मंजूर केली, त्या काळात तर हा अर्ज हाच एक दरवाजा उघडा होता. अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्या, आणि आयुक्तांनी बजेट मांडलं की वेबसाइटवरचं पुस्तक उघडून आधी तुमचं क्षेत्रीय कार्यालय शोधा, मग प्रभाग, मग तुमचं काम. सापडलं नाही तर शिक्का मारलेली प्रत घेऊन परत त्याच खिडकीवर जायचं.